बाजेजवळचं माणूस

पुस्तक वाचून बाळंतपण केलेला एक पुरुष आमच्या वर्धा जिल्ह्यात राहून गेला. सन 1900, मे महिना, दर्बान. कस्तुरबांना अचानक कळा सुरू झाल्या. डॉक्टर वेळेवर मिळेना, सुईणीला आणण्यात वेळ गेला, आणि मोहनदास गांधी नावाच्या बॅरिस्टराने धाकट्या देवदासचं बाळंतपण स्वतःच निभावून नेलं. डॉ. त्रिभुवनदासांचं 'माने शिखामण' हे गुजराती पुस्तक त्यांनी आधीच बारकाईनं वाचून ठेवलं होतं. त्या अभ्यासामुळे आपण घाबरलो नाही, असं ते आत्मकथेत सांगतात.

बा घाबरल्या होत्या की नाही, त्याबद्दल तिथे एक ओळ नाही.

शाळेत ही गोष्ट ऐकून मी ती आजीला सांगितली. आजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने बापूजींना लांबून पाहिलं होतं आणि तिच्या मनात त्यांच्याविषयी देवाइतका आदर होता. तरी हात न थांबवता म्हणाली, "बापूजी भेले नाई म्हन्तेत. पन भ्याचं काम त्याइचं होतं का?"

आमचं गाव सेलू तालुक्यातलं. कापूस, ज्वारी, तूर, आता सोयाबीन. आजीची सगळी बाळंतपणं या गावात झाली. आठ झाली, पाच लेकरं जगली. ती आकडा सांगताना आठच सांगायची, पाच कधी म्हणायची नाही. घराच्या मागच्या अंगाला, गोठ्याला लागून एक कोठी होती. एरवी तिथे सरकी आणि कडबा. बाळंतपणाचे दिवस जवळ आले की ती रिकामी व्हायची, शेणाने सारवली जायची, झरोक्याला गोणपाट लागायचं आणि घरातली सगळ्यांत जुनी, सैल झालेली बाज आत यायची. जुनी यासाठी, की नंतर ती विटाळाची म्हणून टाकता यावी. अंधार, धूर, जुनेर. जिथे सगळ्यांत जास्त स्वच्छता हवी तिथे घरातलं सगळ्यांत जुनं सामान. हे आजीला तेव्हा खटकलं नाही. मला ऐकतानाच खटकलं.

पण त्याच कोठीत दाईमायही यायची, आणि तिच्याबद्दल बोलताना आजीचा आवाज बदलायचा.

दाईमाय कळा सुरू झाल्यावर उगवायची नाही. आठव्या महिन्यापासून दर चार दिवसांनी चक्कर असायची. येऊन पोटावर तळवा ठेवायची, डोकं कुठे, पाय कुठे ते आजीच्याच हाताने चाचपून दाखवायची. अमुक झालं की समज वेळ आली. पाणी गेलं तर मला बोलाव. पहिली रात्र नुसती पाठ दुखेल, तेव्हा ओरडून जीव दमवू नको, पुढे लागेल तो. कळा कशा येतात, किती वेळ राहतात, मधे किती सवड देतात, हे तिने आजीला पहिल्या खेपेला बैलाच्या चालीवर सांगितलं होतं: चढावर जू मानेवर बसतं, माथ्यावर आलं की सैल होतं, तेवढ्यात श्वास घ्यायचा. आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. सासरच्या एकाही बाईने तिला एवढं सांगितलं नव्हतं. ते बोलायची पद्धतच नव्हती.

प्रत्यक्ष वेळी ती आजीला निजू द्यायची नाही. अंगणात चालवायची. कळ आली की मेढीला दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं आणि दाईमायने मागून कमरेच्या खालच्या हाडावर मूठ रेटून धरायची. ती जागा आजी मला माझ्याच पाठीवर बोट ठेवून दाखवायची, माकडहाडाच्या जरा वर. आज प्रसूतीपूर्व वर्गात जोडीदाराला नेमकी तीच जागा दाबायला शिकवतात. तेल लावून फिरवलेला हात वेगळा, रेटून धरलेली मूठ वेगळी. पहिल्याने बरं वाटतं, दुसऱ्याने कळ सोसता येते. आणि हे सगळं करताना दाईमाय बोलत राहायची. कोणाच्या वावरात बोंडं फुटली, कोणाची म्हैस आटली, कोणती सून माहेरी निघून गेली. "तिच्या गोठीत कळ कवा सरे, समजेच नाई," आजी म्हणायची.

बाळंतपण अडलं की आजेसासू घरातली सगळी कुलपं उघडायची. पेटी, कोठार, संदूक. बाळंतिणीची वेणी मोकळी, गाठोड्यांच्या गाठी मोकळ्या. एकदा गाईचं दावंही सोडलं आणि ऐन रात्री गाय शोधायला आजोबांना शिवारभर फिरावं लागलं. या कुलपांनी गर्भाशयाचं तोंड उघडत नाही हे सांगायला डॉक्टर नको. पण घरातल्या पाच-सात माणसांना हाताला काम मिळायचं आणि कोठीच्या दाराशी घाबरी तोंडं घेऊन उभं राहणं टळायचं, हा फायदा मला लहान वाटत नाही.

इथे थांबून दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हा जुन्या काळाचा गोडवा होईल. आजीची पाठची बहीण पहिल्याच खेपेला गेली. वार पडली नाही, अंगावरून जायला लागलं ते थांबलंच नाही. तीच दाईमाय होती, तोच हात होता. 1946 साली देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने आपला अहवाल दिला, त्यात दर हजार जिवंत जन्मांमागे वीसच्या आसपास मातामृत्यू आणि वर्षाकाठी देशात सुमारे दोन लाख बाया बाळंतपणापायी जातात असा अंदाज आहे. म्हणजे लाखामागे दोन हजार. 2018 ते 2020 या काळात महाराष्ट्राचा हाच आकडा लाखामागे 33 होता. आजीच्या पिढीला बाळंतपणाचं भय वाटायचं ते उगाच नव्हतं. डोहाळजेवणाला ओटी भरताना बायांच्या डोळ्यांत पाणी यायचं, त्यात निम्मं पाणी निरोपाचं असायचं.

सटवाईची पाचवी याच भयातून आली असावी, असा माझा तर्क आहे. पाचव्या रात्री देवी येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून पाटा मांडायचा, दिवा ठेवायचा आणि बायांनी रात्र जागवायची. बाळंतज्वर याच दिवसांत उठतो, बाळाचा धनुर्वातही पहिल्या एक-दोन आठवड्यांतच. विळ्याने कापलेली नाळ, वर लावलेली राख. त्या दिवसांत आई आणि बाळ एका क्षणासाठीही एकटी राहू नयेत, एवढी शहाणीव त्या जागरणात होती. उपाय मात्र नव्हता. उपाय पुढे गरोदरपणी घ्यायच्या टिटॅनसच्या सुईने आणि नव्या ब्लेडने दिला. माता-बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन भारतात झाल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. पाचवी अजून होते. आता तिला जेवणं असतात आणि मोबाइलवर फोटो.

आणि दाईमाय? ती गावकुसाबाहेरची होती. बाळ हातात घेणारी पहिली तीच, पण बाळाचं न्हाण झालं, घराचा विटाळ फिटला, की तिला मागच्या दाराने सुपात ज्वारी, गुळाचा खडा आणि लुगडं. पाणी वरून ओंजळीत. जिच्या मुठीवर रात्रभर सगळं अंग टाकलं, तिला सकाळी शिवायचं नाही. वर्ध्याचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ जमनालाल बजाजांनी 1928 सालीच सगळ्यांना खुलं केलं होतं. तिथून आमच्या मागच्या दारापर्यंत यायला ते वारं फार वर्षं चालत होतं. मी आजीला याबद्दल विचारलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मी तिले घरात घेतलं असतं. मले कोन इचारत होतं?"

गांधीजी 1936 मध्ये शेगावला येऊन राहिले, पुढे त्या गावाचं सेवाग्राम झालं. कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच गेल्या. डॉ. सुशीला नय्यर तिथे त्यांच्यासोबत होत्या. बांच्या नावाने देशभरातून एक कोटीहून जास्त रुपये जमले आणि ते खेड्यातल्या बाया आणि लेकरांसाठीच खर्च व्हावेत असं ठरलं. सेवाग्रामला बिर्लांनी बांधलेल्या अतिथिगृहात सुशीलाबेननी बायामुलांसाठी पंधरा खाटांचा दवाखाना थाटला. तेच कस्तुरबा रुग्णालय. 1969 मध्ये त्याच्याभोवती महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. दर्बानच्या त्या खोलीत बांना काय वाटलं ते कोणी नोंदवलं नाही, पण त्यांचं नाव मात्र बाळंतिणींच्या दवाखान्याला लागलं.

या संस्थेच्या मेडिकल कॉलेजची एक रीत आहे. दर तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पोरं-पोरी पंधरा दिवस तिथे मुक्कामाला जातात, घरं वाटून घेतात, नंतरही येत राहतात. आमच्या भागात अशी तुकडी आली तेव्हा दोन मुली आजीच्या वाट्याला आल्या. खादीचे कपडे, वहीत लिहिण्याची घाई. लेकरं किती, गेली किती, कुठे झाली, कोणी केली, असे प्रश्न. त्यातल्या एकीने वही मिटून हळूच विचारलं, "आजी, भीती नव्हती वाटत?"

"वाटे ना. लय वाटे. पन दाईमाय होती ना बसून."

पोरीने ते लिहून घेतलं की नाही, आजीला आठवत नव्हतं.

याच संस्थेच्या डॉ. उल्हास जाजूंनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भोवतालच्या गावांत ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना सुरू केली. सुगीला घरटी ज्वारी गोळा करायची, ज्याची शेती जास्त त्याची ज्वारी जास्त. बदल्यात गावात आरोग्यसेवक आणि सेवाग्रामला उपचार. बाळंतपणाच्या भयाशी तिचा काय संबंध, असं वाटेल. अर्ध्या रात्री बंडी जुंपायची की नाही हे ज्या घरात खिशाकडे बघून ठरतं, तिथे बाईला कळेपेक्षा त्या चर्चेचीच धास्ती जास्त असते. भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू येतं.

माझ्या आईचं पहिलं बाळंतपण, म्हणजे मी, एका शहरातल्या दवाखान्यात झालं. सातव्या महिन्यात माहेरी आणलेलं, कळा सुरू झाल्यावर बंडीने आणि मग एसटीने नेलं. मरणाचं भय आता मागे पडलं होतं, हे आई मान्य करायची. रक्त होतं, सलाईन होतं, डॉक्टरीण होती. पण दार लागलं आणि आजी बाहेर राहिली. आत लोखंडी टेबल, उघडा पांढरा दिवा आणि कण्हणाऱ्या अनोळखी बाया. काय चाललंय हे तिला कोणी सांगेना. ओरडली की दटावणं. पाठीवर निजवून पाय वर बांधलेले. नंतर हे ऐकून आजीने विचारलं होतं, "पोर काय चढावर ढकलून काढाचं होतं का?"

आजीच्या प्रश्नाचं उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत सापडतं. बाई हिंडू-फिरू शकेल, उभी किंवा टेकून राहू शकेल, तिला हवी ती स्थिती घेऊ द्या. तिच्या पसंतीचं माणूस तिच्याजवळ राहू द्या. काय चाललंय ते तिला समजेल असं सांगा. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ किती चालेल याला ठराविक घड्याळ नाही. त्यानंतरचा टप्पा पहिलटकरणीला साधारण बारा तासांच्या पुढे जात नाही. हे वाक्य सातव्या-आठव्या महिन्यातल्या प्रत्येक मुलीला कोणीतरी वाचून दाखवायला हवं. पहिल्या रात्री नुसती पाठ दुखते, दाईमाय म्हणायची ते हेच.

परदेशात भीतीवर लिहिणारे पहिले प्रसिद्ध डॉक्टर म्हणजे ग्रँटली डिक-रीड. 1933 मध्ये त्यांनी मांडलं, की भीतीने अंग आखडतं, आखडलेल्या अंगाने कळ वाढते आणि वाढलेल्या कळेने पुन्हा भीती. पुढे पन्नासच्या दशकात पॅरिसमध्ये लमाझ यांनी रशियात पाहिलेली श्वासाची पद्धत रुजवली. दोघांचंही आपण देणं लागतो. तरी डिक-रीडच्या लिखाणात एक सूर आहे तो मला मान्य नाही: नीट शिकलेल्या बाईला फारसं दुखूच नये, असा. म्हणजे दुखलं तर पुन्हा दोष तिचाच. आठ वेळा मेढ धरून उभ्या राहिलेल्या बाईसमोर हे बोलायची कोणाची छाती झाली असती, मला सांगता येणार नाही. भीती गेली तरी कळ राहतेच. ती सोसण्याजोगी होते, एवढंच. आणि सोसवत नसेल तर औषध मागण्यात कमीपणा नाही.

भीतीचं शरीरात काय होतं ते आता बरंच कळलंय. घाबरलं की अॅड्रिनलिन वाढतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येतो. सुरू झालेल्या कळा दवाखान्याच्या दारात मंदावतात, त्याचं एक कारण हे. पण मला सगळ्यांत भावलेला अभ्यास ग्वाटेमालातला आहे. 1980 मध्ये सोसा, क्लाउस, केनेल आणि सहकाऱ्यांनी तो छापला. गजबजलेल्या सरकारी दवाखान्यात पहिलटकरणींपैकी काहींजवळ एक अनोळखी बाई बसवली. ती डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती. पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. ज्यांच्याजवळ ती होती त्या बायांचा दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंतचा काळ सरासरी पावणेनऊ तासांच्या आसपास भरला, एकट्या बायांचा एकोणीस तासांहून जास्त. नंतरच्या अभ्यासांत फरक एवढा मोठा दिसला नाही. 2017 च्या कोक्रेन आढाव्यात 26 अभ्यास, पंधरा हजारांवर बाया. त्यात वेळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी, सिझेरियन कमी आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बाया कमी. मला शेवटची गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. चाळीस मिनिटं बाई विसरते. दटावणी माझी आई सत्तरीतही विसरली नव्हती.

भारत सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. अट अशी, की ती बाई शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठी 2017 च्या अखेरीस आलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानाची वागणूकही तपासणीत आली. दाईमायबरोबर आपण जे मागच्या दाराने घालवलं होतं, ते सत्तर वर्षांनी परिपत्रकातून पुढच्या दाराने आत आलं. अजून सगळीकडे आलेलं नाही. लेबर रूममध्ये दोन खाटांमध्ये पडदा नसेल तर सोबतीण उभी कुठे राहणार, हा प्रश्न साधा आहे आणि तो परिपत्रकाने सुटत नाही.

एक भीती मात्र श्वासाने जात नाही आणि सोबतीनेही नाही. ती म्हणजे, मुलगी झाली तर. आजीच्या पहिल्या तीन मुलीच. तिसरीच्या वेळी दाईमायने काय झालं ते लगेच सांगितलं नाही. वार पडेपर्यंत थांबली. बाई मनाने खचली तर रक्त जास्त जातं, असा तिचा अनुभव. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 चा आहे, पण कळांच्या मधल्या सवडीत बाईच्या मनात काय चालतं तिथे कायदा पोचत नाही. तिथे घरच पोचतं, आणि तेही नऊ महिने आधीपासून.

माझी भाची आता आठव्या महिन्यात आहे. नाव सेवाग्रामला घातलंय. हुशार मुलगी, मोबाइलवर पाहू नये ते सगळं पाहून बसलेली. मध्यंतरी म्हणाली, मावशी, सरळ सिझरच करून टाकावं का? मी हसले नाही. बाळंतपणाचं भय झोप उडवण्याइतकं असू शकतं, त्याला वैद्यकात टोकोफोबिया असं नाव आहे, आणि तसं असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगायचं असतं. हिचं तेवढं नाही. हिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, एवढंच. आम्ही सांगत बसलो. कळ साधारण मिनिटभराची असते, मग सवड. सवडीत खांदे सोडायचे, जबडा सैल ठेवायचा, श्वास लांब सोडायचा. घरी असेपर्यंत चालायचं, खायचं, पाणी प्यायचं. आणि या गोष्टी झाल्या तर वाट बघत बसायचं नाही, 108 ला फोन करून निघायचं: अंगावरून रक्त जाणं, पाणी हिरवट जाणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटका, बाळाची हालचाल मंदावणं. माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधार एका पिशवीत घालून ती दाराच्या खुंटीला टांगली आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, आणि जाण्यायेण्याची गाडी 2011 पासून मोफत आहे, हे तिच्या नवऱ्याला मी दोनदा सांगितलं, कारण पैशाची कुजबुज मला त्या घरातही ऐकू आली.

कमरेवरची ती जागा मी त्याला दाखवली. त्याने पहिल्यांदा इतकी हळू मूठ ठेवली की भाची खो-खो हसायला लागली. रेट बापा, म्हटलं, कापसाचं बोंड नाही ते.

आता घरात भांडण चाललंय ते वेगळंच. सोबतीला एकच बाई आत सोडतील. तिची आई म्हणते मी जाणार, सासू म्हणते आमची सून आहे. भाचीने दोघींनाही नाही म्हटलं. तिला शेजारची आशाताई हवी आहे: तीन लेकरांची आई, कमी बोलणारी, आणि दर महिन्याला घरी येऊन हिचा बीपी विचारणारी. आशाताई हो म्हणाली. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, मग म्हणाल्या, जाऊ दे, मग डिंकाचे लाडू तरी मीच करीन. त्यावर विहीणबाईंचं म्हणणं आहे की लाडवांचा डिंक त्यांनी आधीच आणून ठेवलाय.